फॉस्टिनच्या दारातला लाल ठिपका

फॉस्टिन लोबोने उभी हयात स्कूटर चालवली आणि तेवढ्या काळात त्याच्याकडे एकदाही लायसन्स नव्हतं. आंबेखोलात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. चर्चमधल्या फादरना ठाऊक होती, पोस्टमनला ठाऊक होती, शाळेतल्या मुलांनाही. पोलिसांना तेवढी नव्हती, कारण फॉस्टिन त्यांच्यासमोर कधी गेलाच नाही.

विहिरीवरचे पंप दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. आचऱ्यापासून कुणकेश्वरापर्यंतच्या माडा-पोफळीच्या बागांत कुठेही मोटर जळली की फॉस्टिनला फोन जायचा. मोटर स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवून तो घरी आणायचा, पडवीत बसून तिची तांब्याची तार नव्याने गुंडाळायचा आणि परत नेऊन बसवायचा. माणूस कामाला पक्का, तोंडाने गोड. लायसन्सचं विचारलं की म्हणायचा, "काढूक गेल्लंय. सायब जेवूक गेल्लो." ही गेल्या शतकातली गोष्ट होती. साहेब जेवून, रिटायर होऊन, बहुधा वारलेसुद्धा होते.

पोलीस कुठे आणि केव्हा उभे असतात यावर त्याचं सगळं येणं-जाणं ठरायचं. बाजाराच्या दिवशी ते नाक्यावर असत, यात्रेला कुणकेश्वरात, डिसेंबरात पर्यटकांसाठी किनाऱ्याच्या रस्त्यावर. दुपारी जेवणानंतर कुठेच नसत. यातही काही चुकलंच तर अलीमियाँ होता. अलीमियाँ त्याचा शाळेपासूनचा दोस्त. बंदरावरून मासे उचलून गावोगाव विकायला त्याचा टेम्पो सकाळपासून फिरायचा. वाटेत खाकी दिसली की तो फोन करायचा, "फॉस्टिन, नाक्यार आज हवा बरी नाय." मग फॉस्टिन आतल्या वाटेने जायचा.

या सगळ्याला त्याची बायको जेसिंता कंटाळली होती. ती कॉन्व्हेंटच्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी सगळा गाव तिला टीचरच म्हणायचा. एका नाताळाला तिने नवऱ्याला हेल्मेट आणून दिलं. फॉस्टिनने ते प्रेमाने घेतलं आणि पडवीच्या कोपऱ्यात उलटं ठेवलं. पुढे त्यात कोंबडी अंड्यांवर बसायला लागली.

"बघ, वाया गेला नाय," तो म्हणाला.

जेसिंताने त्याच्याकडे रोखून बघितलं. वर्गात मुलगा खोटं बोलला की ती बघायची, तसंच.

अशात जिल्ह्यात पोलिसांची नवी पद्धत सुरू झाली. त्याआधी दोनेक वर्षं, कुठेही अपघात झाला की पोलीस त्याची माहिती मोबाइलमधल्या ॲपमध्ये भरत होते, आणि ती भरताना भरणारा कुठे उभा आहे हे मोबाइल आपोआप टिपून ठेवत होता. आता ते सगळे अपघात एका नकाशावर टाकले गेले. जिथे जास्त तिथे लाल. वरून आदेश आला, की पोलिसांनी सवयीच्या जागा सोडून जिथे लाल आहे तिथे उभं राहायचं. त्या ठिपक्याभोवती एक गोल आखलेला असे. ड्युटीवरच्या पोलिसाचा मोबाइल त्या गोलाबाहेर गेला की किंचाळायला लागे आणि ऑफिसात कळे.

एका सकाळी फॉस्टिन स्कूटर घेऊन फाटकाबाहेर आला, तर समोर पिवळा-काळा बॅरिकेड आणि त्याच्यामागे वाहतूक पोलीस.

ती अनुजा. साताऱ्याकडची, नुकतीच बदली होऊन आलेली, फॉस्टिनची मुलगी शोभेल एवढ्या वयाची.

"काका, गाडी बाहेर काढताय का?" तिने विचारलं.

फॉस्टिनने किल्ली खिशात टाकली. "नाय गो. धुवूक काढलंय."

आणि त्याने खरोखरच बादली आणून स्कूटर धुतली. दुसऱ्या दिवशीही धुतली. तिसऱ्या दिवशी अनुजा म्हणाली, "काका, रंग जाईल."

तेव्हा त्याने स्टूल आणून तिच्याशेजारी मांडलं आणि विचारलं, "तू हय कशाक उभी? नाक्यार कोण नाय?"

अनुजाने मोबाइलवर नकाशा दाखवला. निळा समुद्र, रस्त्याची रेघ, आणि त्या रेघेवर कुंकू सांडावं तसा मोठा लाल ठिपका.

"तालुक्यातली सगळ्यात धोक्याची जागा. इथं सगळ्यात जास्त अपघात झालेत."

फॉस्टिनने चष्मा पुसून पाहिलं. "ह्यो माझो आंबो. ह्या माझा घर. ही माझी विहीर."

"हो. जवळजवळ सगळं गोलात आहे."

"अगो, मी हयच रवतंय. माका एक पण अपघात दिसाक नाय."

"नकाशात आहे ना, काका," अनुजा म्हणाली. तिच्या आवाजातही जरा शंका होती. कारण ती जागा म्हणजे खुरसाची घाटी संपते तो माथा. माथ्यावर पांढरा खुरीस, म्हणजे क्रूस, आणि त्याला लागून फॉस्टिनचं घर. रस्ता रुंद, सरळ, दोन्ही बाजूंनी लांबवर दिसणारा. तिथे रस्त्याच्या मधोमध बकऱ्या रवंथ करत बसत आणि त्यांनाही कधी काही झालं नव्हतं.

गावात मात्र चर्चा सुरू झाली. या माथ्यावर इतके अपघात, आणि आपल्याला इथे एकही दिसला नाही, म्हणजे काय? दत्ताराम गावकराने उत्तर दिलं. देवळाचा कारभार त्याच्याकडे असल्यामुळे दिसत नाही त्या गोष्टींबद्दल गाव त्यालाच विचारायचा.

"सरकारच्या मशिनीक दिसता आणि आपणाक दिसना नाय," तो म्हणाला. "ह्या वाटेच्या राखणदाराचा काम. तेचो कायतरी मान रवलोहा."

मग लोक जाता-येता फॉस्टिनच्या आवाराच्या दगडी गडग्यावर नारळ आणि विडी ठेवू लागले. फादरही एका रविवारी येऊन खुरसाला पवित्र पाणी शिंपडून गेले. दत्तारामने गडग्यावरचे नारळ घरातच वापरायला सांगितलं, म्हणून जेसिंताने त्यांच्या रसात गूळ घालून दोदोल आटवलं. दत्तारामलाही डबा दिला. त्याला ते आवडलं. विड्या फॉस्टिनने ठेवून घेतल्या.

पण पंप थांबले होते. उन्हाळा तोंडावर, बागा तहानलेल्या, आणि मेकॅनिक घरात अडकलेला. फॉस्टिनने स्कूटर मागच्या दाराने काढून काजूच्या बागेतून उतरवायचा प्रयत्न केला. वाळलेल्या पानांखाली एक चर होता, तो त्याला चाक आत गेल्यावर दिसला. स्कूटर बाहेर काढायला माणसं लागली आणि माणसं बोलवायला समोरूनच जावं लागलं.

"काय झालं, काका?" अनुजाने विचारलं.

"काय नाय. काजी बघूक गेल्लंय."

"स्कूटर घेऊन?"

फॉस्टिनने माणसं बोलवायला पाय उचलला. त्यानंतर तो एसटीने जाऊ लागला. मांडीवर मोटर घेतलेल्या माणसाशेजारी कोणी बसेना आणि कंडक्टर मोटरचंही तिकीट मागू लागला. मग तो अलीमियाँच्या टेम्पोत बसून फिरला. त्यात अडचण नव्हती, फक्त दुरुस्त झालेल्या मोटरला बांगड्याचा वास यायचा. एका बागवाल्याने फोन करून विचारलं, की पंपाच्या पाण्याला हा वास किती दिवस राहतो.

इकडे अनुजाचं बस्तान पडवीत बसलं. माथ्यावर सावली नाही आणि ड्युटी दुपारभर. गोल कुठपर्यंत आहे ते तिने मोबाइल हातात धरून शोधून काढलं. पडवीतल्या बाकापर्यंत ती बसू शकत होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी मोबाइल किंचाळायचा. म्हणून जेसिंता उंबऱ्याच्या आत उभी राहून ताट पुढे करायची आणि अनुजा बाहेरून घ्यायची. माशाची कढी तिला आधी उग्र वाटली, मग ती दुसऱ्यांदा भात मागू लागली.

फॉस्टिन हे सगळं बघत असे. जेसिंता पोलिसांची एवढी सरबराई का करते, हे त्याला उमगत नव्हतं. पाहुणचार म्हणावा तर फारच होता. एकदा त्याने विचारलंही, "तुका ही हय बरी वाटता?"

"मस्त वाटता," जेसिंता म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली.

शेवटी एका दुपारी फॉस्टिनने पडवीतल्या कोंबडीला हेल्मेटमधून उठवलं. कोंबडीने बराच आरडाओरडा केला. त्याने हेल्मेट विहिरीवर नेऊन घासलं, उन्हात ठेवलं आणि अनुजासमोर येऊन उभा राहिला.

"बाय, लायसन्स कसा काढतत?"

अनुजा त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणजे तुमच्याकडे नाहीये?"

"आतापर्यंत लागाक नाय."

तिने कपाळाला हात लावला. तो स्कूटर चालवताना तिला एकदाही दिसला नव्हता, त्यामुळे पावती कशाची फाडणार हाही प्रश्नच होता. तिने पावती फाडली नाही, शिकवणी सुरू केली. बाकावर ती, खाली पाटावर फॉस्टिन, आणि दारात जेसिंता, जणू शाळा तपासायला आलेली.

"चौकात पिवळा दिवा दिसला तर काय करायचं?"

"आपल्या हय दिवो खंय आसा?"

"काका, असला तर."

"असलो तर मी तेका बघीत थांबान. सगळो गाव थांबतलो."

पहिल्या परीक्षेत तो नापास झाला. कॉम्प्युटरने विचारलं, की वळणावर समोरचं दिसत नसेल तर काय कराल, आणि त्याने 'हॉर्न वाजवून वेग वाढवा' हे उत्तर निवडलं. घरी येऊन तो म्हणाला, की प्रश्न सरळ नव्हता. दुसऱ्या खेपेला पास झाला आणि शिकाऊ लायसन्स मिळालं. स्कूटरच्या पुढे लाल अक्षरात एल लागला. आता सरावासाठी मागे लायसन्सवालं माणूस हवं, आणि तेव्हा गावाला आठवलं, की जेसिंताकडे लायसन्स आहे, दुचाकीचं आणि चारचाकीचंही. ड्रायव्हर आला नाही की कॉन्व्हेंटची व्हॅन तीच चालवायची. फॉस्टिनला हे माहीत होतं, पण त्याने ते कधी फारसं बोलून दाखवलं नव्हतं. मग आंबेखोलाच्या रस्त्यावर एक दृश्य रोज दिसू लागलं. पुढे हेल्मेट घातलेला फॉस्टिन, मागे मांडीवर पर्स घेतलेली जेसिंता, आणि तिचा आवाज. "डावीकडे हात दाखय. तो उजवो."

पक्क्या लायसन्सच्या परीक्षेसाठी मैदानावर चुन्याने आठचा आकडा काढला होता. फॉस्टिनने सुरुवात झकास केली. अर्धा आकडा झाला, त्याने मान वर केली आणि समोर खाकी कपड्यातले परीक्षक साहेब दिसले. पुढे काय झालं ते त्याला स्वतःलाही नीट सांगता येत नाही. त्याच्या हातांनी आपणहून हँडल वळवलं, आणि तो आठचा आकडा अर्धवट सोडून फाटकातून बाहेर, रस्त्याला लागून, आतल्या वाटेने निघूनही गेला. रांगेतली मुलं हसून हसून खाली बसली. जेसिंताने फोन करून त्याला परत बोलावलं.

"का पळालात?" साहेबांनी विचारलं.

फॉस्टिनने मान खाली घातली. "सवय, सायब."

साहेबांनी त्याला पुन्हा आकडा काढायला लावला आणि स्वतः झाडामागे जाऊन उभे राहिले. या वेळी आठ पुरा झाला. लायसन्स पोस्टाने घरी आलं, तेव्हा पोस्टमनने पाकीट देण्याआधी त्याच्याशी हात मिळवला.

त्या दिवसापासून फॉस्टिन वेगळाच माणूस झाला. सकाळी फाटकातून निघताना बॅरिकेडपाशी मुद्दाम थांबायचा आणि अनुजाने न मागताच लायसन्स दाखवायचा. अनुजा गंभीर चेहऱ्याने बघून परत द्यायची. अलीमियाँने सवयीने फोन केला, की नाक्यावर हवा बरी नाही, तर हा म्हणाला, "मग थंयसूनच जातंय." आणि खरंच गेला. नाक्यावर त्याला कोणी थांबवलं नाही याचं त्याला वाईट वाटलं.

असे काही आठवडे बरे गेले. मग एका सकाळी घाटीच्या पायथ्याकडून मोठा आवाज आला.

पायथ्याला मोरीचं वळण आहे. रस्ता तिथे ओढ्यावरच्या मोरीवर एकदम वळतो, आणि एका बाजूला चिऱ्यांचा उंच गडगा असल्यामुळे समोरून येणारं काही दिसत नाही. अनुजा धावत निघाली. गोल सुटताच मोबाइल खिशात किंचाळायला लागला, तिने लक्ष दिलं नाही. फॉस्टिनने स्कूटर काढून तिला मागे घेतलं.

खाली अलीमियाँचा टेम्पो गडग्यात घुसला होता. पर्यटकांच्या एका गाडीने वळण कापलं आणि तिला चुकवताना टेम्पो बाजूला गेला होता. गाडीतली माणसं खाली उतरून उभी होती, धडधाकट होती. अलीमियाँ रस्त्याच्या कडेला बसलेला, उजवा हात विचित्र लोंबत होता. आजूबाजूला बांगडे पसरलेले.

"फॉस्टिन," तो हळू म्हणाला, "आधी मासळी सावळेत घे."

ॲम्ब्युलन्सला फोन करायचा तर तिथे कोणाच्याच मोबाइलला रेंज नव्हती. फॉस्टिन स्कूटर घेऊन वर आला आणि घरापाशी येऊन त्याने फोन केला. अलीमियाँला नेल्यावर अनुजा घाटी चढून वर आली. घामाने भिजलेली, मनाने खचलेली. बाकावर बसून तिने मोबाइल काढला, अपघाताची माहिती भरायला.

जेसिंता पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिने अनुजाच्या मनगटावर हात ठेवला.

"थांब चेडवा. ह्या हय भरू नको."

"का, टीचर? खाली रेंज नाही."

"म्हणानच सांगतंय." जेसिंता तिच्याजवळ बसली. "तुझ्या आधीचे सगळे पोलीस असेच येयत, ह्यो कामार गेल्लो असताना. अपघात खाली मोरीकडे, नाय तर पलीकडे खाडीच्या रस्त्यार. पण रेंज ह्या माथ्यार. ते ह्या बाकार बसत, मी तेंका चाय देय, आणि ते हयसर बसान भरीत. तुझो मोबाइल म्हणता अपघात हय झालो. हय कोणाक कधी खरचटला पण नाय."

अनुजाने हातातल्या मोबाइलकडे पाहिलं, मग आंब्याकडे, मग रस्त्याकडे. "तो लाल ठिपका म्हणजे..."

"माझी चाय."

फॉस्टिन दारात उभा होता. त्याला समजायला थोडा वेळ लागला. "तुका ह्या कधीपासून ठाऊक होता?"

"पयल्या दिसापासून. हिने नकाशो दाखयलो तेव्हाच."

"आणि माका सांगलंस नाय? मी काजीच्या चरात पडलंय, मासळीच्या टेम्पोत बसलंय."

"सांगलंय असता तर तू कोंबडेक उठयलं असतंस?" जेसिंता म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "लग्न झाल्यापासून तू भायर गेलंस काय मी रुझारची माळ घेवन बसतंय, तू घराक येयसर. ह्या पोरीच्या रूपान देवान दारात पोलीस पाठयलो. माका वाटला, रवांदे थोडे दीस. तुझा लायसन्स येवंदे, मग सांगूया. ता इला, तरी मी गप रवलंय. आणि मोरीकडे कोण नव्हता."

फॉस्टिनने खुंटीवरची तिची छत्री काढून दिली आणि स्कूटर सुरू केली. दोघं इस्पितळात गेली.

अलीमियाँचा हात प्लास्टरमध्ये होता. जेसिंताने कॉटपाशी उभं राहून सगळं सांगितलं, काहीही न गाळता. अलीमियाँने पडल्या पडल्या ऐकून घेतलं.

"टीचर," तो म्हणाला, "तू तेका लायसन्स काढूक लावलंस. मी इतकी वर्सां तेका पळूक वाट दाखयलंय. तुझ्यापरीस माझोच हिशेब मोठो आसा. ता जावंदे. आता टेम्पो कोण हाकतलो? सलमा घराक रडता."

सलमा त्याची बायको. फॉस्टिन पुढे सरसावला. "मी हाकतंय."

"तुझा लायसन्स दुचाकीचा," जेसिंता म्हणाली. "मी हाकतलंय."

अनुजाने ठाण्यात जाऊन साहेबांना सांगितलं. साहेबांचा आधी विश्वास बसला नाही. ते स्वतः मोरीपाशी आले, मोबाइल काढला, काहीच लागेना. तो हातात धरून घाटी चालत वर आले, आणि फॉस्टिनच्या फाटकापाशी त्यांच्या मोबाइलवर सकाळपासूनचे सगळे मेसेज एकदम कोसळले. त्यांनी मुकाट्याने बाकावर बसून चहा घेतला. पुढच्या काही आठवड्यांत जुन्या अपघातांची एकेक माहिती काढून त्यांच्या खऱ्या जागा नकाशावर बोटाने लावल्या गेल्या, आणि नव्या अपघातासाठी तशीच सोय झाली. लाल रंग घाटी उतरून मोरीवर गेला. बॅरिकेड गेलं, अनुजाही गेली. आडवा येणारा गडगा तोडला, वळणावर मोठा आरसा लागला. दत्तारामने मात्र आपलं मत सोडलं नाही. राखणदाराने मान घेतला आणि जागा बदलली, असं तो सांगतो. नारळ आता मोरीपाशी असतात.

टेम्पो नीट होऊन आला तेव्हा जेसिंता पदर खोचून स्टिअरिंगवर बसली. शेजारी फॉस्टिन, माशांच्या पाट्या उतरवायला; वजन ती स्वतःच करणार होती. पहिल्याच दिवशी मोरीच्या वळणावर अनुजाने हात दाखवला. जेसिंताने टेम्पो कडेला घेतला, इंजिन बंद केलं, कागद पुढे केले.

"तुमचं सगळं बरोबर आहे, टीचर," अनुजा म्हणाली आणि पलीकडे वाकून बघितलं. "काका, तुमचा बेल्ट?"

फॉस्टिनने पोटाकडे पाहिलं. "ह्यो बाजूवाल्याक पण लागता?"

"पुस्तकात होता," जेसिंता समोर बघत म्हणाली.

अनुजाने पावती केली. फॉस्टिनने ती भरली, बेल्ट ओढून लावला आणि तिला दोन मोठे बांगडे कागदात बांधून देऊ लागला. तिने ड्युटीवर काही घेता येत नाही म्हणून परत केले. मग टेम्पो पुढे निघाला. अलीमियाँचा हात दोन महिन्यांनी बरा झाला आणि तो परत टेम्पोवर बसला, पण आचऱ्याच्या बाजारातल्या बायका अजून त्याला विचारतात, "टीचर इली नाय? ती वजन बरा घाली."